मार्गारिदा, मार्गारेट, मार्गू

मार्गारेट म्हणजे मोती. नावांच्या अर्थांचं कुठलंही पुस्तक उघडा, ही एवढी एक ओळ मिळते आणि विषय संपतो. पण हे नाव युरोपभर ज्या ज्या रूपांनी फिरलं ती रूपं मी एकाखाली एक लिहायला घेतली तेव्हा वहीची तीन पानं भरली. त्यातली निम्मी अशी की ही मार्गारेटची भावंडं असतील अशी शंकासुद्धा येऊ नये. ग्रेटा, मेगन, रीटा, पेगी, मेटे, गोशा, डेझी! आमच्या गोव्यात तर एकाच वाड्यावर एक मार्गारिदा, एक मार्गारेट आणि एक रीटा शेजारी शेजारी राहतात, आणि तिघींचं नाव मुळात एकच आहे हे तिघींनाही माहीत नसतं.

ही नुसती शब्दांची गंमत असती तर मी हा लेख लिहिला नसता. या नावाच्या दोन रूपांमध्ये एका म्हाताऱ्या बाईचा घरातला वाटा अडकून पडला आहे. ते पुढे सांगते. आधी मोत्याकडे.

ग्रीक भाषेत मोत्याला 'मार्गारितेस' म्हणत. नवा करार ग्रीकमध्ये लिहिला गेला, त्यामुळे मत्तयाच्या शुभवर्तमानात जिथे जिथे मराठी बायबल 'मोती' म्हणतं, तिथे मूळ शब्द हाच आहे. डुकरांपुढे मोती टाकू नका हा उपदेश असो, की एका मोलवान मोत्यासाठी सगळं विकून टाकणाऱ्या व्यापाऱ्याचा दाखला असो, मूळ ग्रीकमध्ये वाचणाऱ्याला तिथे अक्षरशः मार्गारेट दिसते. लॅटिन बायबलने तोच शब्द 'मार्गारिता' असा घेतला. सिरियाकमध्ये 'मार्गानिता', आर्मेनियनमध्ये 'मार्गारित', जॉर्जियनमध्ये 'मार्गालिती', हिब्रूत 'मार्गालित'. यातली मार्गारित आणि मार्गालित ही आजही मुलींना ठेवली जाणारी नावं आहेत.

पण ग्रीकांनी तरी हा शब्द आणला कुठून? मोती काही ग्रीसच्या समुद्रात सापडत नव्हते. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने दगडांवर एक पुस्तक लिहिलं, त्यात तो मार्गारितेस भारताकडून येतो असं सांगतो. त्याच्यानंतर साडेचारशे वर्षांनी एरियन नावाच्या ग्रीक लेखकाने भारतावरच पुस्तक लिहिलं. त्यात एक कथा आहे : हेराक्लीस भारतात आला, त्याला समुद्रात मोती सापडला, आणि आपल्या लेकीला नटवण्यासाठी त्याने सगळ्या समुद्रांतून मोती गोळा करवले. त्याच ठिकाणी एरियन म्हणतो की मार्गारितेस हा शब्द भारतीयांच्या भाषेतला आहे!

हे वाचल्यावर मी खुर्चीतून उठलेच. संस्कृत कोश काढला. तिथे 'मंजरी' या शब्दाखाली फुलांचा तुरा, कळी हे अर्थ आहेतच, पण एक अर्थ 'मोती' असाही दिलेला आहे. म्हणजे आपली मंजिरी आणि त्यांची मार्गारेट बहिणी? काही जुन्या कोशांनी तसं नातं सुचवलेलं आहे. पण आपल्याकडे जगातला प्रत्येक शब्द संस्कृतातून निघाला म्हणायची जी घाई असते, ती इथे नको. आजचे बहुतेक अभ्यासक या शब्दाचं उगमस्थान इराणी भाषांकडे नेतात. जुन्या फारसीच्या पुढच्या टप्प्यात मोत्याला 'मर्वारीद' म्हणत, आजच्या फारसीत तो 'मोर्वारीद' आहे. हे मला पटतं. मोती इराणच्या आखातातूनही येत होते, आणि ग्रीकांचा पूर्वेकडचा रस्ता इराणवरूनच जात होता. एवढं मात्र खरं की ज्या नावाला आपण 'इंग्रजी नाव' म्हणतो ते मुळात पूर्वेकडून गेलेलं आहे.

शब्दाचं नाव कसं झालं? एका संत स्त्रीमुळे. अंत्युखियाची संत मार्गारेट ही चौथ्या शतकाच्या सुरुवातीला हुतात्मा झाली अशी परंपरा. तिच्या कथेत एक अजगरासारखा राक्षस तिला गिळतो, तिच्या हातातल्या क्रुसाने त्याचं पोट फाटतं आणि ती सुखरूप बाहेर येते. पोटातून सुखरूप बाहेर आली, म्हणून मध्ययुगात बाळंतपणात अडलेल्या बायका तिचा धावा करू लागल्या. आता अशा संतिणीचं नाव जन्मलेल्या मुलींना मिळणार नाही तर काय! इतिहास म्हणून ही कथा टिकत नाही, आणि १९६९ साली कॅथलिक चर्चने सार्वत्रिक पंचांगातून तिचा सण काढलाही. पण तोवर नावाने युरोप पालथा घातला होता. हंगेरीत जन्मलेली एक मार्गारेट अकराव्या शतकात स्कॉटलंडची राणी झाली आणि पुढे संतपदाला पोचली, तिच्या नावाचं छोटं देऊळ एडिनबरोच्या किल्ल्यात आजही उभं आहे. हंगेरीच्या राजाची मुलगी मार्गित तेराव्या शतकात जोगीण झाली, ती बुडापेस्टच्या नदीतल्या ज्या बेटावर राहिली त्याला मार्गित बेट म्हणतात. येशूच्या पवित्र हृदयाची भक्ती जिच्यामुळे फैलावली ती सतराव्या शतकातली फ्रेंच संतीण मार्गरीत मारी आलाकोक. ते पवित्र हृदयाचं चित्र गोव्यातल्या कितीतरी कॅथलिक घरांच्या दिवाणखान्यात असतं, आणि त्याच घरांत तिला मार्गारिदा मारिया म्हणतात.

आता गंमत सुरू होते. मार्गारिता हे चार अक्षरांचं, हाक मारायला लांबलचक नाव. प्रत्येक भाषेने ते आपल्या जिभेवर घोळवलं आणि आपल्याला हवं तिथे तोडलं.

पोर्तुगीजांनी 'त' चा 'द' केला : मार्गारिदा. हे त्यांनी लॅटिनच्या शेकडो शब्दांना केलं आहे, 'वीता' म्हणजे आयुष्य, त्याचं पोर्तुगीजमध्ये 'विदा'. प्राकृत शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. संस्कृत 'गत' चं शौरसेनीत 'गद' झालं. आपली महाराष्ट्री आणखी एक पाऊल पुढे, तिने तो 'त' गाळूनच टाकला, 'गअ' केलं, आणि त्यातूनच पुढे आपलं 'गेला' आलं. म्हणजे पोर्तुगीज जिभेने मार्गारितेचं जे केलं तेच आपल्या पणजोबांच्या पणजोबांनी संस्कृतचं केलं होतं.

पोलिश लोकांनी तर कमालच केली. त्यांची मार्गारेट लिहिताना भीती वाटेल अशी आहे, पण उच्चार साधारण 'माउगोझाता'. या नावात दोन 'र' आहेत. दोन र जवळ आले की जिभेला कंटाळा येतो आणि ती एकाला बदलून टाकते. पोलिशने पहिल्या र चा ल केला (आणि पुढे तो ल सुद्धा व सारखा झाला), हिब्रू आणि जॉर्जियनने दुसऱ्याचा. आपणही दरिद्रीचं दळिद्री केलंच की! माउगोझाताला घरी हाक मारायची असेल तर 'गोशा'. मार्गारेट आणि गोशा शेजारी लिहून पाहा, 'ग' सोडून दोघींत काही उरलेलं नाही.

जर्मनांनी नावाचं डोकं उडवलं आणि शेपूट ठेवली : ग्रेटे. तिला लाडाचे प्रत्यय लावले की ग्रेटेल, ग्रेटशेन. जंगलात हरवलेल्या हान्सेलची बहीण ग्रेटेल ती हीच. स्वीडनमध्ये ग्रेटा, हॉलंडमध्ये ख्रीट. डच चित्रकार व्हर्मीरच्या 'मोत्याचं कर्णफूल घातलेली मुलगी' या चित्रावर ट्रेसी शेव्हालिए यांनी १९९९ साली कादंबरी लिहिली, तिच्यातल्या मोलकरणीचं नाव त्यांनी ख्रीट ठेवलं आहे. म्हणजे मोत्याने मोती घातला. इटालियन लोकांनी शेपटीचाही शेवटचा तुकडा घेतला : रीटा. अशक्य गोष्टींसाठी जिची प्रार्थना करतात ती संत रीटा मुळात मार्गेरिता होती. हॉलिवूडची रीटा हेवर्थ जन्माने मार्गारिता. आणि १९६६ साली जगत्सुंदरी झालेली रीटा फारिया, गोवेकर आईबापांची मुंबईत वाढलेली मुलगी, तिच्या नावातही तोच मोती. आपल्याकडे हिंदू घरांतही रीटा असतात, त्यांना कुणी 'ऋत' शब्दाशी जोडून घेतात, आणि त्यात वाईट काही नाही. नाव नव्या घरी आलं की नवा अर्थ शोधतंच.

इंग्रजांनी उलट केलं, डोकं ठेवलं : मेग, मॅज. मेगला यमक म्हणून पेग, पेगची पेगी. (मॉलीची पॉली झाली तीही अशीच.) वेल्सच्या लोकांनी मेगला आपला प्रत्यय लावून मेगन केली. आयर्लंडमध्ये मरेड, डेन्मार्कमध्ये मेटे आणि मेरेटे, नॉर्वेत मारित, चेक लोकांत मार्केता, फ्रान्समध्ये मार्गो. आणि पोर्तुगालमध्ये मार्गारिदाला प्रेमाने गिदा म्हणतात. वहीची तीन पानं अशीच भरली.

एक रूप मात्र तोडमोडीने झालेलं नाही. मध्ययुगातच मोत्याला लॅटिनच्या लेकींनी 'पेर्ला' वगैरे नवे शब्द घेतले, आणि मार्गारिताचा मूळ अर्थ लोक विसरले. फ्रेंचमध्ये 'मार्गरीत' हे एका पांढऱ्या पाकळ्यांच्या, मध्ये पिवळी टिकली असलेल्या रानफुलाचं नाव झालं. त्याला इंग्रजीत डेझी म्हणतात. मग इंग्लंडमध्ये मार्गारेट नावाच्या मुलींना घरी डेझी म्हणायची पद्धत पडली! दोन्ही नावांत एकही समान अक्षर नाही, नातं फक्त फ्रेंच फुलावरून. फुलाचा अर्थ किती पक्का झाला बघा : दुसऱ्या महायुद्धात डच राजघराण्याने कॅनडात आसरा घेतला होता, तिथे ओटावा शहरात १९४३ साली राजकन्या जन्मली. जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये लोक प्रतिकाराची खूण म्हणून हे फूल लावत, म्हणून तिचं नाव मार्ग्रीत ठेवलं. मोत्याचा तिथे कुणी विचारही केला नाही. संस्कृतातल्या मंजरीलाही फूल आणि मोती हे दोन्ही अर्थ आहेत, हा योगायोग मला फार आवडतो. (मोत्याची खरी आठवण कुणी ठेवली असेल तर रसायनशास्त्राने. शेव्रल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८१३ साली चरबीतून मोत्यासारखे चमकणारे कण मिळवले आणि त्या आम्लाला मार्गारिक नाव दिलं. कॅन्टीनमधल्या पावाला लावतात ते मार्गरीन त्याच शब्दावरून.)

आता ज्या माणसाने या रूपांशी सगळ्यात छान खेळ केला तो ग्योटे. त्याच्या 'फाउस्ट' नाटकातली नायिका कधी मार्गारेटे म्हणून बोलते, कधी ग्रेटशेन म्हणून. तीच मुलगी, तेच पान, दोन नावं, आणि जर्मन वाचकाला त्यात काही अडत नाही. ती प्रियकराला तोंडावर विचारते की देवाधर्माबद्दल तुझं मत काय? तेव्हापासून जर्मनमध्ये टाळता न येणाऱ्या, मुळावर बोट ठेवणाऱ्या प्रश्नाला 'ग्रेटशेनचा प्रश्न' म्हणतात. पुढे गुनो या फ्रेंच संगीतकाराने १८५९ साली या नाटकावर ऑपेरा केला, त्यात ती मार्गरीत झाली. इटालियन बोइतोच्या ऑपेरात मार्गेरिता. रशियन बुल्गाकोव्हने फाउस्टच्याच छायेत कादंबरी लिहिली, नायिका मार्गारिता. चार भाषांत चार रूपं झाली तरी ती तीच मुलगी का, असं कुणी विचारलं नाही.

आमच्या शेजारच्या मायला मात्र विचारलं.

माय १९५५ सालची. गोवा तेव्हा पोर्तुगीजांचा, त्यामुळे जन्मनोंदीत नाव मार्गारिदा. मुक्तीनंतर ती इंग्रजी शाळेत गेली, तिथे मास्तरांनी पटावर मार्गारेट लिहिलं. तेव्हा इंग्रजी रूप म्हणजे 'शुद्ध' रूप, असंच सगळ्यांना वाटे. शाळेच्या दाखल्यावरून बँकेत, बँकेवरून आधार कार्डावर मार्गारेटच गेलं. घरात आणि वाड्यावर ती जन्मभर मार्गू. आता वडिलांच्या घराची वाटणी निघाली, आणि त्या जुन्या कागदांत वारस म्हणून आहे मार्गारिदा. एका कार्यालयात तिला सांगितलं की या दोन वेगवेगळ्या व्यक्ती दिसतात, एकच असल्याचं सिद्ध करा. फाईल धरून मी बाजूला उभी होते. माय म्हणाली, "दोनूय नांवां म्हजींच, बाय." पण ते ती मला म्हणाली. टेबलापलीकडच्या माणसाने वर पाहिलं नाही.

मग प्रतिज्ञापत्र झालं, की मार्गारिदा आणि मार्गारेट ही एकच व्यक्ती. ते घेऊन गेल्यावर कळलं की रेशन कार्डावर देवनागरीत 'मार्गरेट' आहे, ग ला काना नाही, म्हणजे तिसरी बाई. पुन्हा स्टॅम्प पेपर, पुन्हा नोटरी. भाऊ वाईट नाहीत म्हणून बरं, नाहीतर एका कान्यावर घर गेलं असतं. फाईल अजून फिरते आहे.

खरं सांगायचं तर त्या कारकुनाच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. नावाची रूपं कालांतराने खरंच वेगळी होतात. एकाच घरात मार्गारेट आणि रीटा या दोन बहिणी असू शकतात, इंग्लंडमध्ये मार्गारेट आणि मार्जरी असतात, आणि मार्जरीही त्याच मुळाची. तिथे 'मूळ एकच' म्हणून एकीचा वाटा दुसरीला देता येणार नाही. त्यामुळे कोश काढून नुसती व्युत्पत्ती दाखवणं हा पुरावा नव्हे हे मला मान्य. पण मग पुरावा कोणता? ज्या वाड्यावर ती सत्तर वर्षं राहिली तिथल्या कुणालाही विचारा, मार्गारिदा कोण आणि मार्गारेट कोण. सगळे एकाच दाराकडे बोट दाखवतील.

माझं भांडण आहे ते दुसऱ्या एका समजाशी. त्या कार्यालयातही तो होता, आणि आमच्या वर्गातही आहे. तो असा की मार्गारेट हे खरं नाव, मार्गारिदा ही त्याची पोर्तुगीज मोडतोड आणि मार्गू हा गावंढळ अपभ्रंश. अहो, मार्गारेट हाच अपभ्रंश आहे! फ्रेंचांनी लॅटिनचा शेवटचा स्वर खाल्ला, इंग्रजांनी फ्रेंचांच्या उच्चाराची वाट लावली, तेव्हा कुठे ते रूप निघालं. कालक्रमच लावायचा तर 'मार्गारिता' च्या जवळ मार्गारिदा आहे, मार्गारेट नव्हे. आणि लॅटिन ग्रीकचा अपभ्रंश, ग्रीक इराणीचा. शुद्ध रूप शोधत मागे गेलं तर शेवटी शिंपलाच हाती लागतो. सीमाभागात आणि गोव्यात आपल्या मराठीलाही कोकणीमिश्रित, कानडीमिश्रित म्हणून जी नाकं मुरडली जातात, ती मुरडणाऱ्यांनी हा मोत्याचा प्रवास एकदा वाचावा.

हे फक्त ख्रिस्ती मुलींचं दुखणं आहे असंही नाही. आमच्या वर्गात एक मंजिरी आहे, दहावीच्या गुणपत्रिकेवर ती मंजरी आहे. तिचीही प्रतिज्ञापत्राची वेळ येणार. मुक्ता नावाच्या मुलींना सध्या तरी चिंता नाही, जोडाक्षर असूनही ते नाव कुणी सहसा बिघडवत नाही. मुक्ता म्हणजे मोतीही आणि मोकळी झालेलीही. मोती हे नाव मात्र आपण का कोण जाणे कुत्र्यांना देऊन बसलो.

नाव स्वतःच्या मर्जीने बदलणाऱ्या मार्गारेटही झाल्या. आयर्लंडच्या मार्गारेट नोबल १८९८ साली कलकत्त्याला आल्या आणि त्याच वर्षी भगिनी निवेदिता झाल्या. पण माझी लाडकी आहे ती डेन्मार्कची राणी दुसरी मार्ग्रेटे. बावन्न वर्षं राज्य करून १४ जानेवारी २०२४ ला तिने गादी सोडली. तिची आजी इंग्लंडच्या राजघराण्यातली मार्गारेट, तिला सगळे डेझी म्हणत, म्हणून ही राणीसुद्धा घरच्यांना डेझीच. राणी चित्रं काढते. टोल्कीनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' साठी तिने चित्रं काढली आणि १९७७ साली ती डॅनिश आवृत्तीत छापून आली, तेव्हा राणीचं नाव नको म्हणून तिने एक तिसरंच नाव घेतलं : इंगाहिल्ड ग्राथमेर. रोमन लिपीत 'मार्ग्रेटे' लिहा, शेवटचं अक्षर गाळा, उरलेली आठ अक्षरं उलटसुलट करून बघा. बरोब्बर 'ग्राथमेर' जमतं.